गालिसियात पहिल्यांदा म्हावरं खाताना: ओ ग्रोवे बंदराची वाट

सांतियागोची पदयात्रा संपवून आलेले, पोर्तोहून दोन दिवस वर चढलेले किंवा विगोला कामासाठी उतरलेले मराठी लोक मला एकच प्रश्न विचारतात, "ओ ग्रोवेत चांगलं हॉटेल कुठलं?" मी मूळची मालवणची, आता पोन्तेवेद्रात राहते, आणि ओ ग्रोवेला माझी महिन्यातून एक तरी फेरी असतेच. तरीही मी हॉटेलचं नाव लगेच सांगत नाही. कुठल्या महिन्यात येताय, कुठल्या वारी येताय आणि किती वाजता जेवायला बसणार, हे आधी विचारते. मालवणात आपण तरी वेगळं काय करतो? पापलेट मिळेल का, हे होड्या आल्यावर ठरतं, पाटीवरच्या नावावरून नाही. गालिसियातही तसंच आहे. तिथे जेवण चांगलं होणं हे आज बंदरात काय उतरलं आणि तुम्ही ते विचारलं का, यावर अवलंबून असतं. हा लेख ते कसं विचारायचं यासाठी आहे.

गाव कुठे आहे

गालिसिया म्हणजे स्पेनचा वायव्य कोपरा, पोर्तुगालच्या डोक्यावरचा. इथे समुद्र जमिनीत लांबवर आत शिरला आहे. त्या रुंद खाड्यांना 'रीआ' म्हणतात. त्यांतली आरोउसाची रीआ शिंपल्यांसाठी सगळ्यांत श्रीमंत, आणि ओ ग्रोवे तिच्या तोंडाशी आहे. एके काळी हे बेट होतं. आ लान्सादाच्या वाळूच्या पट्ट्याने ते जमिनीला जोडलं गेलं, म्हणून एका बाजूला उघडा अटलांटिक आणि दुसऱ्या बाजूला शांत खाडी असं दोन तऱ्हांचं पाणी या एकाच गावाला मिळालं. खडकावरचं आणि चिखलातलं, दोन्ही इथल्या ताटात येतं ते त्यामुळे.

पोन्तेवेद्राहून अंतर सुमारे 30 किलोमीटर. रेल्वे गावात येत नाही. पोन्तेवेद्रा किंवा विलागार्सियापर्यंत आगगाडी आणि पुढे बस. पदयात्रेची पोर्तुगीज वाट चालणाऱ्यांपैकी जे 'वारियान्ते एस्पिरितुआल' हा फाटा घेतात ते आर्मेन्तेइरावरून विलानोवा दे आरोउसाला उतरतात. तिथून ओ ग्रोवे जवळच आहे, एक दिवस जास्तीचा काढायला हरकत नाही.

उच्चाराचं एक सांगून ठेवते, कारण पाट्या वाचताना गोंधळ होतो. प्रत्येक माशाला इथे दोन नावं, एक गालिसियन आणि एक स्पॅनिश. गालिसियनमधल्या 'श'च्या जागी स्पॅनिशमध्ये बहुतेक वेळा 'ख' येतो. गावासमोरचं पुलाने जोडलेलं बेट गालिसियनमध्ये आ तोशा आणि स्पॅनिशमध्ये ला तोखा. शिंपली गालिसियनमध्ये आमेइशा, स्पॅनिशमध्ये आल्मेखा. गोव्याच्या वाचकांना गालिसियन जास्त ओळखीची वाटेल, कारण ती आणि पोर्तुगीज मध्ययुगात एकच भाषा होती.

महिना, वार, वेळ

आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद असते. इथे सरसकट बंदी नाही, प्रत्येक जातीची बंदी वेगळी. गालिसियाचं सरकार, म्हणजे 'शुन्ता', दरवर्षी तारखा जाहीर करतं आणि त्या थोड्याफार हलतात. ढोबळमानाने नेकोरा हा मखमली पाठीचा छोटा खेकडा जुलैपासून वर्षअखेरीपर्यंत मिळतो. सेन्तोला हा लांब तंगड्यांचा मोठा खेकडा थंडीचा, डिसेंबर ते फेब्रुवारीत तो भरलेला असतो. स्थानिक ऑक्टोपसलाही उन्हाळ्याच्या तोंडावर विश्रांती मिळते. शोउबा, म्हणजे आपल्या तारलीची धाकटी बहीण, उन्हाळ्यात चरबीने भरते आणि निखाऱ्यावर भाजली की अख्ख्या गल्लीत वास पसरतो. शिणाणे, म्हणजे काळ्या शिंपीचे लांबट शिंपले (मसल्स), बारा महिने असतात.

म्हणून ऑगस्टमध्ये कुणी सेन्तोला पुढ्यात ठेवला तर तो कुठून आला हे विचारा. बहुतेकदा उत्तर ब्रिटन किंवा फ्रान्स असतं. वाईट नसतो, पण तो खायला इतक्या लांब यायची गरज नव्हती.

वाराचं गणित सोपं. शनिवार-रविवारी किनाऱ्यालगतच्या बहुतेक होड्या बाहेर पडत नाहीत, म्हणून सोमवारी ताजी मासळी कमी. कितीतरी खानावळी सोमवारी बंदही असतात, काही रविवारी रात्रीही. मंगळवार ते शुक्रवार हे खायचे खरे दिवस. जानेवारी-फेब्रुवारीत काही जण महिनाभर कुलूप लावून विश्रांती घेतात, तेव्हा आधी फोन करा. ऑगस्टमध्ये उलटा प्रश्न, टेबलच मिळत नाही.

वेळेत मात्र नवखे हमखास फसतात. दुपारचं जेवण दीड-दोनला सुरू होतं आणि साडेतीन-चारला चूल बंद. रात्रीचं साडेआठ-नऊच्या आधी कुणी विचारत नाही. साडेबाराला भूक लागली तर ऑलिव्ह आणि पावाचा तुकडा खाऊन थांबा. सहा वाजता पोटभर जेवायला देणारी जागा सापडली, तर ती पर्यटकांसाठी उघडी आहे एवढं समजा.

आधी डोळ्यांनी बघा

जेवायला बसण्याआधी तासभर बाजारात घालवा, कितीही भूक असली तरी. गावातला 'प्रासा दे आबास्तोस', म्हणजे मंडई, सकाळी भरते. विक्रीला बहुतेक बायका. आपल्या कोळणींसारख्याच ठाम, फक्त आवाज थोडा खालचा. घासाघीस चालत नाही, पाटीवरचा भाव तोच भाव. पण प्रश्न विचारलेले त्यांना आवडतात. हात लावायच्या आधी विचारा.

पाटीवर तीन गोष्टी असायला हव्यात: जात, कुठे पकडली किंवा वाढवली, आणि किलोचा भाव. हे लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. शिंपल्यांच्या जाळीदार पिशवीला लेबल असतं. ते असलं म्हणजे माल शुद्धीकरण केंद्रातून आलेला आहे. इथले शिंपले काही काळ स्वच्छ पाण्यात ठेवून मगच विकता येतात.

माझी आई इथे आली होती तेव्हा तिला स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता. सेन्तोलांच्या ढिगासमोर ती वाकली, एकेक उलटा करून पोटाखालची झडप बघितली आणि एक बाजूला काढून म्हणाली, "हिच्यात गाभोळी आसा गो, हीच घे." रुंद झडप मादीची, अरुंद त्रिकोणी नराची, हे वेंगुर्ल्याच्या कुर्लीलाही लागू आणि अटलांटिकच्या सेन्तोल्यालाही. विकणाऱ्या बाईने आईकडे बघून मान डोलावली आणि दुसरी मादी स्वतःच शोधून दिली. पुढचा अर्धा तास दोघी खुणांनी बोलत होत्या.

बंदरावर लोन्शा आहे, म्हणजे लिलावघर. मच्छीमारांची इथली संस्था 'सान मार्तिन' या नावाची. लिलाव साधारण दुपारनंतर होतो, पण ओहोटी कधी होती त्यावर माल यायची वेळ हलते. पर्यटन कार्यालयात विचारून जा. आपल्याकडे बोली वर चढत जाते. इथे फलकावरचा आकडा मोठ्या रकमेपासून सुरू होऊन खाली घसरत येतो आणि जो पहिला बटण दाबतो त्याला माल मिळतो. ओरडा नाही, गलका नाही. जास्त थांबलात तर माल गेला, घाई केलीत तर पैसे गेले. खानावळींचे मालक तिथे उभे असतात. संध्याकाळी तुमच्या ताटात येणारं तिथेच ठरत असतं.

शिंपल्यांची घराणी

सुरुवात शिणाण्यांपासून करा. गालिसियनमध्ये मेशियोन. खाडीत चौकोनी लाकडी तराफे नांगरलेले दिसतात, त्यांना 'बातेआ' म्हणतात. निलगिरीच्या तुळयांची जाळी आणि तिला टांगलेले दोर. एका तराफ्याला जास्तीत जास्त 500 दोर, प्रत्येक 12 मीटरपर्यंत लांब. गालिसियात अशा बातेआ 3,300 च्या आसपास आहेत, त्यातल्या दोन हजारांहून जास्त एकट्या आरोउसात. ही पद्धत इथे 1940 च्या दशकात सुरू झाली. चारा घालावा लागत नाही. उन्हाळ्यात उत्तरेकडचा वारा वरचं पाणी समुद्रात ढकलतो आणि त्याच्या जागी तळाचं थंड, पोषक पाणी वर येतं. त्यातल्या सूक्ष्म वनस्पतींवर शिणाणे दीडेक वर्षात विकण्याजोगे होतात. बंदरातून निघणाऱ्या प्रवासी बोटी बातेआपर्यंत नेतात, दोर कसा ओढतात ते दाखवतात आणि बोटीवरच वाफवलेले शिणाणे आणि पांढरी वाइन देतात. लहान मुलं बरोबर असतील तर ही फेरी चुकवू नका, कारण ताटातलं काय कुठून येतं हे त्यांना एका दृष्टिक्षेपात कळतं.

शिणाणे फक्त वाफवलेले मागवा, 'आल वापोर'. केशरी मांस मादीचं, पांढुरकं नराचं. बंदरातलं हे सगळ्यांत स्वस्त खाणं, आणि माझ्या मते गावाची खरी ओळखही तेच.

तिसऱ्यांच्या भावंडांमध्ये चार नावं लक्षात ठेवा: फिना, बाबोसा, रुबिया आणि खापोनिका. फिनाच्या शिंपीवर उभ्या-आडव्या रेघांची बारीक जाळी असते. ती सगळ्यांत महाग, इथले लोक कच्चीच खातात, वर लिंबूही न पिळता. बाबोसा मऊ आणि गोडसर. खापोनिका जपानी जातीची, इथेच वाढवलेली, भावाने परवडणारी. रश्श्यासाठी ती पुरेशी आहे. मेनूवर नुसतं 'आल्मेखास' लिहिलं असेल आणि भाव फिनाचा असेल, तर कुठली आहे हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

बेर्बेरेचो हे छोटं, फुगीर, पन्हाळीच्या शिंपीचं. 2012 मध्ये एका परजीवीने आरोउसातले बेर्बेरेचो जवळजवळ संपवले होते, तेव्हापासून चांगले बेर्बेरेचो म्हटलं की लोक उत्तरेकडच्या नोइयाचं नाव घेतात. नावाखा म्हणजे वस्तऱ्याच्या पातीसारखी लांबट शिंपली. ती तव्यावर, 'आ ला प्लान्चा'. जरा जास्त भाजली की रबर होते, म्हणून नावाखावरून मी स्वयंपाकी ओळखते.

साम्बुरिन्या या नावाने मात्र सावध राहा. पंख्यासारखी छोटी शिंपी, आत पांढरा गोळा, वर लसूण आणि तेल. सगळीकडे मिळते. पण साम्बुरिन्या म्हणून जे येतं ते बहुतेक वेळा वोलान्देइरा नावाची दुसरी जात असते, किंवा पेरूहून गोठवून आणलेली तिसरीच. खऱ्या साम्बुरिन्याची शिंपी गडद असते आणि बिजागरीजवळचे दोन कान असमान असतात. वोलान्देइराचे कान सारखे. वोलान्देइरा चवीला सुरेख आहे, मी आवडीने खाते. फक्त तिचं नाव आणि तिचा भाव तिलाच मिळावा.

कधी कधी पाण्यात विषारी सूक्ष्मजीव वाढतात, त्याला इथे लाल भरती म्हणतात. इन्तेकमार ही सरकारी संस्था सतत नमुने तपासते आणि खाडीचा जो भाग दूषित असेल तिथली काढणी बंद करते. विकायला आलेला माल तपासलेला असतो. 'लाल भरती आहे' असं कानावर आलं म्हणून उपाशी परतू नका.

कवचवाले आणि पेर्सेबे

नेकोरा लहान, पण मांस घट्ट आणि गोड. दोघांना दोन-तीन पुरतात. सेन्तोला एक मोठा घ्यावा आणि वाटून खावा. कवच उघडल्यावर आतल्या करड्या-केशरी गाभ्यात काही जण थोडी आल्बारिन्यो वाइन ओततात, ढवळतात आणि पावाने पुसून खातात. आपण कुर्लीचं लाल चाटून खातो, तोच आनंद. शेवंडाचे दोन प्रकार: मोठ्या नांग्यांचा बोगावान्ते आणि आपल्या शेवंडासारखा बिननांग्यांचा लान्गोस्ता. बोगावान्ते घालून केलेला पातळसर भात, 'आर्रोस काल्दोसो', हे गालिसियात मला सगळ्यांत घरचं वाटलेलं ताट. तो कमीत कमी दोघांसाठीच करतात आणि वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

पेर्सेबेबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे त्याला तोंडात बसलेला शब्दच नाही. जिथे लाटा फुटतात तिथल्या खडकाला चिकटून वाढणारा हा कवचधारी जीव दिसायला बोटासारखा, टोकाला नखासारखं कवच, खाली काळी चामडी. काढणारे दोरीला बांधून घेऊन दोन लाटांच्या मधल्या क्षणात खरवडतात. दरवर्षी माणसं जखमी होतात, जीवही जातात. भाव त्याचाच आहे. नाताळात लिलावातच किलोला 100 युरोच्या वर जाणं नवं नाही. आखूड आणि जाड असेल तो चांगला, उन्हात आणि लाटांत वाढलेला. लांब, बारीक असेल तो सावलीतला, आत पाणीच जास्त.

शिजवण्याची इथली म्हण साधी आहे: पाणी उकळलं की पेर्सेबे आत, पाणी पुन्हा उकळलं की पेर्सेबे बाहेर. फडक्यात गुंडाळून गरम आणतात. नख डाव्या हातात धरा, चामडी अंगठ्याने चिमटून पिरगळा, ओढा. आत गुलाबी-पांढरा दांडा निघतो. चिळकांडी उडते, पांढरा शर्ट घालू नका. शंभर ग्रॅम मागवा, तेवढ्यात कळतं. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मला देवबागच्या खडकावर बसून तोंडावर आलेली लाट आठवली, इतकी समुद्राची चव त्यात आहे.

बसायचं कुठे

बंदरासमोरच्या बेइरामार रस्त्यावर मारिस्केरिया, म्हणजे फक्त कवचवाल्यांच्या खानावळी, ओळीने आहेत. काचेच्या टाक्यांत जिवंत माल असतो. पहिल्यांदा आलेल्याने इथे बसायला काही हरकत नाही, फक्त दोन-तीन ठिकाणचे भाव बाहेरच्या पाटीवर वाचून मग आत जा. मी स्वतः एक-दोन गल्ल्या आत, जिथे दुपारी अडीचला गावातली माणसं कामाच्या कपड्यांत जेवतात, तिथे जाते. तिथे 'मेनू देल दिया' मिळतो: दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड मिळून ठरलेली रक्कम. त्यात शेवंड नसतो, पण शिणाणे, ताजा मासा आणि काल्देइरादा असते. काल्देइरादा म्हणजे मासे आणि बटाटे एकत्र शिजवून वर लसूण आणि लाल तिखटाचं तेल. ते तिखट पिमेन्तोन, रंगाचं जास्त, जिभेला चटका देणारं नाही.

ऑक्टोपस दोन तऱ्हांनी मिळतो. जत्रेचा, 'आ फेइरा': उकडून कात्रीने कापलेला, लाकडी ताटलीत, तेल, जाडं मीठ आणि पिमेन्तोन. आणि 'आ इया', आरोउसा बेटाच्या पद्धतीचा, कांदा-बटाट्यात. या खाडीत आलात तर दुसरा मागवा. ऑक्टोपस स्थानिक आहे का हे इथेही विचारा, कारण गालिसियात खपणारा बराचसा मोरोक्को आणि मॉरिटानियातून येतो.

पैसे बाजूला ठेवून आयुष्यातलं एखादं जेवण करायचं असेल तर दोन नावं सांगते. देबेर्तो, जिथे समुद्रातलं सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत ताजं निवडून, जवळजवळ काही न करता वाढतात. आणि कुयेर दे पाउ, म्हणजे 'लाकडी चमचा', हाविएर ओयेरोस यांचं, 2009 मध्ये सुरू झालेलं आणि आता दोन मिशलिन तारे असलेलं. तिथे भाजीचा वाफा आणि खाडी एकत्र ताटात येतात. दोन्हीकडे खूप आधी जागा राखून ठेवावी लागते.

जेवायची चौथी तऱ्हा सणाची. ओ ग्रोवेचा 'फेस्ता दो मारिस्को' 1963 पासून भरतो, ऑक्टोबरमध्ये, 12 तारखेच्या आसपास. मोठ्या मंडपांत रांगेत उभं राहून एकेक ताटली घ्यायची, उभ्यानेच खायची. थोडं थोडं सगळंच चाखायचं असेल तर याहून स्वस्त वाट नाही. पण राहायची खोली दोन-तीन महिने आधी बघा, आणि दुपारी एकच्या आत पोचा.

स्वयंपाकघर असलेली खोली घेतली असेल तर बाजारातून आणून घरीच उकडा. लिटरमागे सुमारे 60 ग्रॅम मीठ, एक पान लॉरेल. हे आपलं तमालपत्र नव्हे, ते झाड वेगळं आणि वास वेगळा. जिवंत खेकडा थंड पाण्यात घालूनच चूल पेटवा, उकळत्या पाण्यात टाकला तर तंगड्या गळतात. उकळी आल्यावर नेकोराला पाच-सहा मिनिटं पुरतात, किलोभराच्या सेन्तोल्याला पंधराएक. मग पाण्याबाहेर काढून निवू द्या.

मागवताना

चार वाक्यं पाठ करा. "के आ एन्त्रादो ओय?" म्हणजे आज काय आलंय. "एस दे ला रीआ?" म्हणजे या खाडीतलंच का. "आ क्वान्तो एस्ता एल किलो?" म्हणजे किलोला काय भाव. आणि "मेदिया रासियोन", अर्धी ताटली. अर्धी मागणं इथे कमीपणाचं नाही, उलट चार गोष्टी चाखायची तीच रीत.

मेनूवर काही पदार्थांपुढे आकड्याऐवजी 'एसे-एमे' अशी दोन अक्षरं असतात. त्याचा अर्थ बाजारभावाप्रमाणे. तिथे थांबा, विचारा, आणि जनावर वजन करून दाखवायला सांगा. किलोला 60 युरो असेल आणि सेन्तोला 1 किलो 300 ग्रॅमचा असेल तर 78 युरो झाले, हे शिजवायच्या आधी कळलं पाहिजे. वजन दाखवणं इथे नेहमीचं आहे, कुणी रागावत नाही.

मी हे शिकले ते पैसे मोजून. पहिल्या वर्षी आम्ही दोघांनी या किनाऱ्यावरच्या एका गावात 'मारिस्कादा' मागवली, म्हणजे सगळ्याचं मिळून मोठं ताट. वर नेकोरा आणि दोन बोगावान्तेचे तुकडे, खाली अर्ध्याहून जास्त गोठवलेली कोळंबी, जी या खाडीतली नव्हतीच. नवरा काही बोलला नाही, पण ताट संपवल्यावरही आम्ही काय खाल्लं हे आम्हाला सांगता येत नव्हतं. त्यानंतर मी मारिस्कादा मागवत नाही. दोघांसाठी माझा क्रम असा: एक ताटली शिणाणे, अर्धी बेर्बेरेचो, प्रत्येकी एक नेकोरा हंगाम असेल तर, आणि मग भात किंवा त्या दिवशीचा एक मासा वाटून. पोट भरतं आणि प्रत्येक चव वेगळी लक्षात राहते.

पाव बहुतेकदा वेगळा आकारतात. मक्याचा पाव मिळाला तर घ्या, आणि मक्याच्या पिठाची, बेर्बेरेचो भरलेली एम्पानादा दिसली तर नक्की. आपल्या भाकरीशी तिचं नातं जवळचं आहे. नळाचं पाणी मागितलं तर 2022 च्या कायद्याप्रमाणे फुकट द्यावं लागतं. टीप सक्तीची नाही. वाइन घेत असाल तर आल्बारिन्यो, शेजारच्या काम्बादोसच्या मळ्यांतली.

मसाला नाही, ही पहिली अडचण

आपल्या माणसांना पहिला घास फिका लागतो. खोबरं नाही, तिरफळ नाही, कोकम नाही. मलाही सुरुवातीला वाटलं होतं की हे अर्धवट राहिलं आहे. पिशवीतून मिरचीपूड काढायचा मोह होतो. पहिले दोन दिवस काढू नका. या थंड पाण्यातल्या शिंपल्याला स्वतःचा गोडवा आणि स्वतःचं मीठ आहे, ते जिभेला उमगायला दोन जेवणं लागतात. आईला तिसऱ्या दिवशी आवडायला लागलं.

बरोबर कुणी शाकाहारी असेल तर पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या, बटाट्याचं अंड्यातलं तोर्तिया आणि तेतिया चीज हे सगळीकडे मिळतं. पाद्रोनच्या मिरच्या बहुतेक सौम्य, एखादीच झणझणीत निघते. भाजीच्या सूपमध्ये डुकराची चरबी किंवा सॉसेज असतं, म्हणून विचारल्याशिवाय सूप देऊ नका.

वाळूत हात घालू नका

हे मी मालवणी, रत्नागिरीकर, गोवेकर सगळ्यांना कळकळीने सांगते. ओहोटीला वाळू उघडी पडली, शिंपल्यांची भोकं दिसली की आपले हात शिवशिवतात. लहानपणी आपण तिसऱ्या अशाच वेचल्या. इथे त्या वाळूवर मारिस्कादोरा बायकांचा परवाना असतो. फावडी, बादल्या घेऊन कंबर वाकवून काढणाऱ्या या बायका किती काढायचं याच्या मर्यादेत राहतात, बी पेरतात, आणि चोरांपासून रात्री पहारा देतात. परवान्याशिवाय काढलेली मूठभर शिंपलीसुद्धा गुन्हा आहे आणि दंड मोठा. पूल ओलांडून आ तोशाला जाताना ओहोटीच्या वेळी त्या दिसतील. उभं राहून बघा.

2002 च्या नोव्हेंबरात 'प्रेस्तिजे' तेलवाहू जहाज फुटलं तेव्हा काळा थर आरोउसाच्या तोंडापर्यंत आला होता. या गावांतल्या मच्छीमारांनी आपल्या छोट्या होड्या बाहेर काढून तेल हातांनी, बादल्यांनी उचललं आणि ते खाडीत शिरू दिलं नाही. आज तुम्ही खाता ते शिणाणे त्यांनी राखलेल्या पाण्यातले आहेत.

एकच दिवस असेल तर

मंगळवार ते शुक्रवारपैकी एक निवडा. दहाला मंडई. अकराच्या सुमारास बातेआची बोट, तिथले शिणाणे बेताने खा. दीडला परत, दोन वाजता आतल्या गल्लीत टेबल, सकाळी मंडईत ज्याच्यावर नजर ठरली होती तेच मागवा. साडेचारला चालत पूल ओलांडून आ तोशा, तिथली पूर्ण शिंपल्यांनी मढवलेली छोटी चर्च बघा. लोन्शाची वेळ जुळली तर परत येताना लिलाव. रात्री पोन्तेवेद्राला परतायचं असेल तर शेवटची बस किती वाजता आहे हे सकाळी उतरतानाच थांब्यावर बघून ठेवा, कारण हिवाळ्यात ती लवकर सुटते.